अल्कोहोलांचे प्रकाशविच्छेदन

अल्कोहोलांचे प्रकाशविच्छेदन म्हणजे मिथेनॉल, इथेनॉल यांसारख्या साध्या अल्कोहोलांच्या रेणूंनी प्रकाश शोषून घेतल्यावर त्यांतील एखादा रासायनिक बंध तुटणे आणि रेणूचे दोन किंवा अधिक तुकडे होणे. हे तुकडे बहुधा मुक्त मूलके असतात, म्हणजे त्यांच्याकडे जोडी न जमलेला एक इलेक्ट्रॉन असतो आणि त्यामुळे ते अत्यंत क्रियाशील असतात. साध्या अल्कोहोलांच्या बाबतीत ही क्रिया घडवून आणण्यास साधारणतः २०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील (जंबुपार) किरण लागतात. असे किरण पृथ्वीच्या पृष्ठभागावर पोहोचत नाहीत. त्यामुळे हे विच्छेदन मुख्यतः प्रयोगशाळेतील लेझर व दिव्यांखाली, तसेच धूमकेतू आणि तारकांमधील धूलिमेघ यांमध्ये आढळते.

या विषयाला रसायनशास्त्रात महत्त्व प्राप्त झाले ते एका विसंगतीमुळे. मिथेनॉलच्या रेणूत तीन प्रकारचे बंध आहेत. त्यांपैकी ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातील बंध सर्वांत मजबूत असूनही पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की प्रामुख्याने तोच तुटतो. उष्णतेने किंवा अन्य मूलकांच्या हल्ल्याने रेणू मोडतो तेव्हा असे सहसा होत नाही. कोणता बंध तुटेल हे ठरवताना बंधाची ताकद आणि रेणूत इलेक्ट्रॉन कोठे उचलले गेले यांपैकी निर्णायक काय, या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी मिथेनॉल हा सोयीचा लहान रेणू ठरला आहे.

प्रकाशाची ऊर्जा आणि प्रकाशाचे शोषण

मिथेनॉलमधील ऑक्सिजन–हायड्रोजन बंध तोडण्यास दर मोलला सुमारे ४४० किलोज्यूल, कार्बन–हायड्रोजन बंधास सुमारे ४०२ किलोज्यूल, तर कार्बन–ऑक्सिजन बंधास सुमारे ३८५ किलोज्यूल ऊर्जा लागते. एका रेणूचा हिशेब केला तर हे आकडे अनुक्रमे सुमारे ४.५, ४.२ आणि ४.० इलेक्ट्रॉन व्होल्ट होतात. प्रकाशकणाची म्हणजे फोटॉनची ऊर्जा तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते. १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की ती इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मिळते. त्यानुसार ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशाचा फोटॉन ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो आणि तो यांपैकी एकही बंध तोडू शकत नाही. २५४ नॅनोमीटरचा फोटॉन मात्र ४.९ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. हिशेबापुरते पाहिले तर त्याने तिन्ही बंध तोडता यायला हवेत.

प्रत्यक्षात तसे होत नाही. घरगुती जलशुद्धीकरण यंत्रांत जंतुनाशक म्हणून बसवलेल्या पाऱ्याच्या नळीतून प्रामुख्याने २५४ नॅनोमीटरचेच किरण बाहेर पडतात. त्यांच्याखाली शुद्ध मिथेनॉल ठेवले तरी ते जसेच्या तसे राहते. याचे कारण प्रकाशरसायनशास्त्राच्या पहिल्या नियमात आहे. ग्रोटहूस आणि ड्रेपर यांच्या नावाने ओळखला जाणारा, एकोणिसाव्या शतकात मांडला गेलेला हा नियम सांगतो, की रासायनिक बदल घडवतो तो केवळ शोषला गेलेला प्रकाश. फोटॉनकडे पुरेशी ऊर्जा असूनही रेणू त्याला आरपार जाऊ देत असेल, तर त्या ऊर्जेचा उपयोग नाही. मिथेनॉल आणि इथेनॉल यांचे शोषण साधारण २०० ते २१० नॅनोमीटरच्या खालीच ठळक होऊ लागते. मिथेनॉलच्या पहिल्या शोषणपट्ट्याचे शिखर १८४ नॅनोमीटरच्या आसपास आहे.

या पारदर्शकतेचा उपयोग रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रोज होत असतो. एखाद्या औषधाचे प्रमाण अतिनील वर्णपटमापकावर मोजताना ते मिथेनॉलमध्ये विरघळवतात. कारण २१० नॅनोमीटरच्या वर मिथेनॉल स्वतः जवळजवळ काहीच शोषत नाही आणि दिसणारे शोषण औषधाचेच असते. वाळूज आणि चिकलठाणा येथील औषध कारखान्यांच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळांत चालणारे असे मापन मिथेनॉलच्या या ‘न तुटण्यावर’ उभे आहे.

मिथेनॉलचे विच्छेदन

मिथेनॉलमधील ऑक्सिजनच्या अणूवर इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या अशा असतात, की त्या कोणत्याही बंधात गुंतलेल्या नसतात. रेणूतील सर्वांत सहज उचलता येणारे इलेक्ट्रॉन हेच. १८० ते २०० नॅनोमीटरच्या प्रदेशातील फोटॉन शोषला गेला, की या अबंधी इलेक्ट्रॉनांपैकी एक वरच्या कक्षकात जातो. हा कक्षक अंशतः ऑक्सिजनभोवतीच्या विस्तृत कक्षकासारखा आणि अंशतः ऑक्सिजन–हायड्रोजन बंधाच्या प्रतिबंधी कक्षकासारखा असतो. हायड्रोजन थोडासा दूर सरकताच त्याचे प्रतिबंधी स्वरूप वाढत जाते आणि उत्तेजित रेणूला त्या दिशेने अडथळाच उरत नाही. उतारावर सोडलेल्या गोट्यासारखा हायड्रोजनचा अणू ऑक्सिजनपासून निघून जातो. मागे मिथॉक्सी मूलक राहते.

म्हणजे प्रकाशाने दिलेली ऊर्जा रेणूभर पसरून सर्वांत दुबळ्या बंधाचा शोध घेत नाही. ती जिथे जमा झाली त्या बंधावरच खर्च होते आणि पसरायला तिला वेळही मिळत नाही. हे विच्छेदन फेम्टोसेकंदांच्या मापनातच बसते. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागाचा पुन्हा दहा कोटीवा भाग.

ही घाई प्रयोगात वेगळ्या प्रकारे दिसते. आर्गॉन फ्लोराइड लेझरमधून निघणाऱ्या १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा फोटॉन ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. (डोळ्याच्या बाहुलीवरील पारदर्शक पटलाला आकार देऊन चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या शस्त्रक्रियेत वापरतात तो हाच लेझर.) बंध तोडल्यावर सुमारे १.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा उरते आणि तिचा मोठा हिस्सा हायड्रोजन अणूच्या गतीत जातो. दोन तुकडे परस्परांपासून दूर फेकले जातात तेव्हा संवेगाच्या नियमानुसार हलक्या तुकड्याला गतिज ऊर्जेचा जवळजवळ सगळा वाटा मिळतो. येथे हायड्रोजन १ आणि मिथॉक्सी ३१ वस्तुमानाचे आहे. हायड्रोजनकडे १.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट गतिज ऊर्जा गेली असे धरले, तर त्याचा वेग सेकंदाला १७ किलोमीटरपेक्षा जास्त भरतो. शिवाय लेझरचा प्रकाश ध्रुवित असेल तर हे अणू सर्व दिशांना सारखे उडत नाहीत. ते ध्रुवणाच्या दिशेशी मुख्यतः काटकोनात सापडतात. रेणू स्वतःभोवती फिरण्याच्या आत बंध तुटला नसता, तर ही दिशा पुसली गेली असती.

तुटलेला हायड्रोजन हायड्रॉक्सिल गटातला की मिथिल गटातला, हे ओळखण्यासाठी समस्थानिकांचा उपयोग करतात. हायड्रॉक्सिलमधील साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन बसवलेले मिथेनॉल घेऊन त्यावर १९३ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला, की जवळजवळ केवळ ड्युटेरियमचे अणू बाहेर पडतात. मिथिल गटातील तीन हायड्रोजन जागच्या जागी राहतात, जरी त्यांचे बंध तुलनेने दुबळे असले तरी.

पाण्याचा रेणूही प्रकाशाखाली असाच वागतो. पाण्याच्या पहिल्या शोषणपट्ट्यात, म्हणजे १६५ नॅनोमीटरच्या आसपास, हायड्रोजनचा एक अणू थेट सुटतो आणि हायड्रॉक्सिल मूलक उरते. पाण्यातील एका हायड्रोजनच्या जागी मिथिल गट आला की मिथेनॉल होते. त्यामुळे शोषण लांब तरंगलांबीकडे सरकते, पण तुटण्याची तऱ्हा तीच राहते.

तरंगलांबी आणखी कमी केल्यावर मात्र हे साधे चित्र बदलते. १५७ नॅनोमीटरच्या फ्लोरिन लेझरने रेणू वरच्या उत्तेजित अवस्थेत जातो आणि तेथून विच्छेदनाचे अनेक मार्ग खुले होतात. कार्बन–ऑक्सिजन बंध तुटून मिथिल व हायड्रॉक्सिल मूलके मिळतात, मिथिल गटातील हायड्रोजन सुटतो, तसेच हायड्रोजनचा अख्खा रेणूही बाहेर पडू शकतो. तैवानमधील हारिच, लिन, ली आणि यांग यांनी १९९९ मध्ये हे मार्ग समस्थानिकांच्या साहाय्याने वेगळे करून दाखवले. त्यांतील युआन ली हे १९८६ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी होत. ११४ नॅनोमीटरच्या खाली, म्हणजे १०.८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर, मिथेनॉलमधून इलेक्ट्रॉनच निसटतो आणि विषय प्रकाशविच्छेदनाकडून प्रकाश-आयनीभवनाकडे जातो.

अभ्यासाची वाटचाल

लेझर येण्यापूर्वी या अभ्यासाचे मुख्य साधन होते पाऱ्याचा दिवा. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून २५४ नॅनोमीटरबरोबर थोड्या प्रमाणात १८५ नॅनोमीटरचाही प्रकाश निघतो. साधी काच तो अडवते, म्हणून दिव्याची नळी विशिष्ट शुद्ध क्वार्ट्‌झची करावी लागते. अशा दिव्याखाली मिथेनॉलची वाफ ठेवून काही वेळाने हायड्रोजन, फॉर्माल्डिहाइड, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड इत्यादी पदार्थ किती जमले ते मोजायचे आणि त्यावरून मूळ तुटणे कोणते याचे अनुमान करायचे, अशी ही पद्धत होती. आर. पी. पोर्टर आणि नॉइस यांनी १९५९ मध्ये मिथेनॉलच्या वाफेवर केलेल्या अशा अभ्यासात हायड्रोजनचा अणू सुटून मिथॉक्सी उरणे हाच प्रधान मार्ग असल्याचा निष्कर्ष काढला. (क्षणदीप्ती प्रकाशविच्छेदनाबद्दल १९६७ चे नोबेल मिळवणारे जॉर्ज पोर्टर ते हे नव्हेत.)

शेवटी जमलेल्या पदार्थांवरून पहिल्या क्षणाचे अनुमान करणे हे जळून गेलेल्या घराच्या राखेवरून ठिणगी कोठे पडली ते शोधण्यासारखे असते. मध्ये असंख्य दुय्यम अभिक्रिया होऊन गेलेल्या असतात. ही अडचण १९८० नंतर स्पंदित लेझर आणि रेणुशलाका यांमुळे दूर झाली. निर्वात पेटीत वायूचा बारीक झोत सोडला की त्यातील रेणू एकमेकांवर आदळत नाहीत. एका लेझर स्पंदाने ते तोडायचे आणि दुसऱ्या स्पंदाने तुकडे ताबडतोब ओळखायचे, म्हणजे दुय्यम अभिक्रियांना वावच उरत नाही. सत्यपाल, बर्सोन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये १९३ नॅनोमीटरवर केलेल्या मापनात मिथेनॉलने शोषलेल्या दर १०० फोटॉनांमागे सुमारे ८६ हायड्रोजन अणू मिळाले.

इथेनॉल आणि त्यापुढील अल्कोहोले

इथेनॉलचे पहिले शोषणही त्याच प्रदेशात होते आणि पहिला तुकडाही तोच, म्हणजे हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन. उरलेले इथॉक्सी मूलक मात्र मिथॉक्सीइतके टिकाऊ नसते. त्याच्याकडे पुरेशी अंतर्गत ऊर्जा शिल्लक असेल तर त्यातील दोन कार्बनांमधला बंध तुटून मिथिल मूलक आणि फॉर्माल्डिहाइड तयार होतात. येथे तुटण्याचे दोन टप्पे आहेत. पहिला प्रकाशाने, फेम्टोसेकंदांत. दुसरा उष्णतेने तुटावे तसा, तुलनेने सावकाश, आणि दुबळा बंध निवडून.

हाच क्रम पुढील अल्कोहोलांत दिसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलपासून मिळणारे मूलक फुटले तर ॲसिटाल्डिहाइड आणि मिथिल, तर तृतीयक ब्युटिल अल्कोहोलपासून ॲसिटोन आणि मिथिल. कोणत्या अल्कोहोलाचा प्रकाशाखाली कोणता कार्बोनिल पदार्थ होईल हे ऑक्सिजन ज्या कार्बनला जोडला आहे त्याच्या शेजाऱ्यांवरून सांगता येते.

द्रव अवस्था

द्रव मिथेनॉलवर १८५ नॅनोमीटरचा प्रकाश पाडल्यास मुख्यतः हायड्रोजन वायू, एथिलीन ग्लायकॉल आणि फॉर्माल्डिहाइड मिळतात. जर्मनीतील म्युलहाइम येथे क्लेमेन्स फॉन झोनटाग आणि सहकाऱ्यांनी द्रव अल्कोहोलांच्या अशा प्रकाशविच्छेदनाचा दीर्घकाळ अभ्यास केला. ग्लायकॉल कसा येतो ते लक्षणीय आहे. सुटलेला हायड्रोजन आणि उरलेले मिथॉक्सी ही दोन्ही मूलके शेजारच्या मिथेनॉल रेणूवर तुटून पडतात आणि त्याच्या मिथिल गटातून, म्हणजे दुबळ्या बंधातून, हायड्रोजन ओढून घेतात. त्यातून हायड्रॉक्सिमिथिल मूलक बनते. अशी दोन मूलके जोडली गेली की एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मोटारींच्या शीतकात वापरला जाणारा पदार्थ, तयार होतो. प्रकाशाने मजबूत बंध तोडला, पण पुढील रासायनिक क्रिया नेहमीच्या रीतीने दुबळ्या बंधाकडे वळली, हे या एकाच भांड्यात पाहावयास मिळते.

महाराष्ट्रातील संशोधन

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच प्रश्नाला प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या बाजूने हात घालण्यात आला. वैभव प्रभुदेसाई, ए. केळकर, डी. नंदी आणि ई. कृष्णकुमार यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मिथेनॉल, इथेनॉल, ॲसिटिक आम्ल इत्यादी रेणूंवर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सोडले. इलेक्ट्रॉन रेणूला चिकटला की रेणू फुटून ऋणभारित हायड्रोजन बाहेर पडतो. इलेक्ट्रॉनची ऊर्जा सुमारे ६.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ठेवली तर हा हायड्रोजन ऑक्सिजनपासून सुटतो, जसा तो पाण्यातून सुटतो. ऊर्जा १० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास नेली तर तो कार्बनपासून सुटतो, जसा मिथेनमधून. रेणू मोठा असला तरी त्यातील प्रत्येक क्रियाशील गट आपली ओळख राखून असतो आणि केवळ ऊर्जेचे बटण फिरवून हवा तो बंध निवडता येतो, असे या प्रयोगातून दिसले. हे प्रकाशविच्छेदन नव्हे. परंतु ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फोटॉनाने जो बंध तुटतो तोच जवळपास त्याच ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनानेही तुटावा, ही गोष्ट दोन्ही क्रियांमागील उत्तेजित अवस्थांच्या साम्याकडे बोट दाखवते.

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९३ नॅनोमीटरच्या लेझरने ॲलिल अल्कोहोलासारखी असंतृप्त अल्कोहोले तोडून त्यांतून बाहेर पडणाऱ्या हायड्रॉक्सिल मूलकाचा अभ्यास झाला आहे. या रेणूंत दुहेरी बंध असल्यामुळे प्रकाश प्रथम तेथे शोषला जातो आणि तुटतो तो कार्बन–ऑक्सिजन बंध. मिथेनॉलशी तुलना करताना हा फरक मोलाचा आहे. प्रकाश शोषणारा गट बदलला की तुटण्याची जागाही बदलते.

छत्रपती संभाजीनगरात अल्कोहोलाच्या रेणूवरील काम झाले ते वर्णपटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या, आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव असलेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एस. सी. मेहरोत्रा आणि सहकाऱ्यांनी टाइम डोमेन रिफ्लेक्टोमेट्री या तंत्राने अल्कोहोले व त्यांची मिश्रणे यांवर सूक्ष्मतरंगांचा परिणाम मोजला. १० गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मतरंगाच्या फोटॉनची ऊर्जा १९३ नॅनोमीटरच्या फोटॉनच्या सुमारे दीड लाखाव्या भागाइतकी असते. तिने काहीही तुटत नाही. रेणू फक्त बदलत्या विद्युत क्षेत्राबरोबर वळू पाहतो आणि हायड्रोजन बंधांनी शेजाऱ्यांशी जखडलेला असल्यामुळे मागे पडतो. सामान्य तापमानाला मिथेनॉलला या वळण्यास सुमारे ५० पिकोसेकंद लागतात, तर इथेनॉलला त्याच्या तिप्पट. अल्कोहोलांनी भरलेले भांडे सूक्ष्मतरंगात गरम होते ते याच मागे पडण्यामुळे.

उन्हातील अल्कोहोल

छत्रपती संभाजीनगर २० अंश उत्तर अक्षवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. वातावरणातून किरणांना त्या वेळी सर्वांत कमी अंतर कापावे लागते. तरीही शहागंजसारख्या उघड्या बाजारपेठेत पडणाऱ्या उन्हात साधारण २९० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण व्यवहारतः नसतात. २०० नॅनोमीटरच्या खालचे किरण ऑक्सिजन वरच्या वातावरणातच शोषतो आणि त्यावरचे ओझोन अडवतो. अल्कोहोलाचे शोषण संपते तेथे आणि जमिनीवरील उन्हाची सुरुवात होते तेथे, या दोहोंमध्ये सुमारे ८० नॅनोमीटरची दरी आहे. म्हणून उन्हात ठेवलेल्या बाटलीतील स्पिरिट किंवा हात निर्जंतुक करण्याचा द्रव प्रकाशाने विघटित होत नाही. झाकण सैल असेल तर तो उडून जातो, एवढेच.

याच कारणाने मिथेनॉल मिसळलेली दारू उन्हात ठेवून निर्धोक होत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने १०० हून अधिक लोकांचा बळी घेतला. मिथेनॉलचा रेणू मोडतो तो शरीरात गेल्यावर, यकृतातील अल्कोहोल डिहायड्रोजनेज या विकराच्या हाती. तेथे प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि नंतर फॉर्मिक आम्ल बनते. दृष्टी जाते आणि जीव जातो तो या आम्लामुळे. उपचारात इथेनॉल किंवा फोमेपिझोल देऊन हा विकर अडवला जातो, म्हणजे मिथेनॉलचा रेणू न तुटता शरीराबाहेर जाईल असे पाहिले जाते.

बिअर उन्हात बिघडते हे मात्र खरे आहे आणि वाळूजसारख्या मद्यनिर्मितीच्या केंद्रात ते सर्वज्ञात आहे. पण त्यात इथेनॉलचा काही दोष नसतो. बिअरमधील रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व दृश्य निळा प्रकाश शोषते आणि ती ऊर्जा हॉप या वनस्पतीतून आलेल्या कडू संयुगांकडे देते. ती मोडून गंधकयुक्त, उग्र वासाचा एक थायॉल तयार होतो. त्याचा वास येण्यास अत्यल्प मात्रा पुरते. तपकिरी बाटली निळा प्रकाश अडवते म्हणून ती वापरतात.

हवेत मिसळलेल्या अल्कोहोलाच्या वाफेचा अंत प्रकाशाने होतो, परंतु आडमार्गाने. उन्हातील ३२० नॅनोमीटरच्या खालचे किरण हवेतील ओझोनचे विच्छेदन करतात. त्यातून निघालेला उत्तेजित ऑक्सिजन अणू पाण्याच्या वाफेशी संयोग पावून हायड्रॉक्सिल मूलके देतो आणि ही मूलके अल्कोहोलावर हल्ला करतात. मिथेनॉलच्या बाबतीत सुमारे ८५ टक्के वेळा ती हायड्रोजन ओढतात तो कार्बनवरचा. थेट प्रकाशाने तुटणारा बंध आणि हायड्रॉक्सिल मूलकाने तुटणारा बंध अशा प्रकारे वेगवेगळे आहेत. पुढे हवेतील ऑक्सिजनशी क्रिया होऊन मिथेनॉलपासून फॉर्माल्डिहाइड आणि इथेनॉलपासून मुख्यतः ॲसिटाल्डिहाइड बनते. या मार्गाने हवेतील मिथेनॉलचे सरासरी आयुष्य दहा-बारा दिवस आणि इथेनॉलचे तीन-चार दिवस भरते.

भारतात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून हा आडमार्ग शहरांच्या हवेच्या दृष्टीने महत्त्वाचा झाला आहे. या इथेनॉलचा काही भाग महाराष्ट्रातील साखर कारखान्यांतून येतो. इथेनॉल स्वतः उन्हाला दाद देत नाही, पण त्यापासून झालेली ॲल्डिहाइडे देतात. फॉर्माल्डिहाइड आणि ॲसिटाल्डिहाइड ३०० नॅनोमीटरच्या वरचे किरणही शोषतात, उन्हातच तुटतात आणि नवी मूलके हवेत सोडतात. वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडे सोबत असली, की त्यातून ओझोन आणि डोळ्यांना झोंबणारे पेरॉक्सिॲसिटिल नायट्रेट तयार होते. १९७५ पासून उसाच्या इथेनॉलवर मोठ्या प्रमाणात वाहने चालवणाऱ्या ब्राझीलमधील शहरांच्या हवेत ॲसिटाल्डिहाइडचे प्रमाण लक्षणीय आढळले आहे. इंधनातील इथेनॉलमुळे कार्बन मोनॉक्साइड कमी होते हेही तितकेच खरे, त्यामुळे नफा-तोट्याचा हिशेब प्रत्येक शहराची हवा, वाहने आणि ऊन पाहून करावा लागतो.

उत्प्रेरकाच्या साहाय्याने

उन्हातील प्रकाशाने अल्कोहोल मोडायचेच असेल तर प्रकाश शोषणारा मध्यस्थ लागतो. टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढऱ्या रंगात वापरले जाणारे भुकटीरूप संयुग साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालचे किरण शोषते. त्यात निर्माण झालेली धन विवरे पृष्ठभागावरील अल्कोहोलाचे ऑक्सिडीकरण करतात आणि मोकळे झालेले इलेक्ट्रॉन पाण्यातील हायड्रोजन मुक्त करतात. कावाई आणि साकाता या जपानी संशोधकांनी १९८० मध्ये मिथेनॉल व पाणी यांच्या मिश्रणातून अशा प्रकारे हायड्रोजन मिळवून दाखवला. केवळ पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्यापेक्षा हे सोपे पडते, कारण मिथेनॉल स्वतः खर्ची पडते. याला ‘प्रकाशाने हायड्रोजन’ म्हणताना हा खर्च पुष्कळदा विसरला जातो.

अवकाशातील मिथेनॉल

ज्या किरणांपासून पृथ्वीचे वातावरण अल्कोहोलांचे रक्षण करते ते अवकाशात मुबलक आहेत. मिथेनॉलचा अवकाशातील शोध १९७० मध्ये आकाशगंगेच्या केंद्राकडील मेघांतून येणाऱ्या ८३४ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओ संकेतावरून लागला. (पुणे जिल्ह्यातील खोडद येथील विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या सुधारित ५५० ते ८५० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ही वारंवारता येते.) तेथे मिथेनॉल तयार होते ते धूलिकणांवर गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडला हायड्रोजनचे अणू एकामागून एक जोडले जाऊन. धूमकेतूंच्या बर्फातही ते पाण्याच्या तुलनेत काही टक्क्यांपर्यंत आढळते. धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याची वाफ होते आणि पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्याच्या उघड्या अतिनील किरणांत मिथेनॉलचा रेणू सरासरी एखादा दिवसच टिकतो.

धूलिकणांवरील बर्फात तुटलेले तुकडे उडून जाऊ शकत नाहीत, ते शेजारीच अडकून पडतात. मेघ थोडा तापला की सरकू लागतात आणि एकमेकांशी जोडले जातात. दोन हायड्रॉक्सिमिथिल मूलकांचे एथिलीन ग्लायकॉल होते, मिथॉक्सी आणि मिथिल यांचे डायमिथिल ईथर, तर हायड्रॉक्सिमिथिल व फॉर्मिल यांचे ग्लायकोलाल्डिहाइड, जे शर्करांच्या कुळातील सर्वांत लहान रेणूंपैकी मानले जाते. ही तिन्ही संयुगे तारकांमधील मेघांत सापडली आहेत. त्यांतले कोणते किती होईल हे मिथेनॉलचा कोणता बंध किती वेळा तुटतो यावर अवलंबून असते. मोकळ्या रेणूसाठी प्रयोगशाळेत काढलेले प्रमाण येथे जसेच्या तसे वापरता येत नाही. हायड्रोजनच्या १२१.६ नॅनोमीटरच्या लायमन-आल्फा किरणांनी मिथेनॉलच्या बर्फावर केलेल्या प्रयोगांत मिथॉक्सीपेक्षा हायड्रॉक्सिमिथिल अधिक मिळते. एक तर येथे फोटॉन १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे पहिल्या शोषणपट्ट्याच्या खूप वरचा असतो. दुसरे म्हणजे बर्फात सुटलेला हायड्रोजन दूर जाण्याऐवजी शेजारच्या मिथेनॉलवरच आदळतो आणि त्याच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो. या दोन कारणांचा वाटा वेगळा करून सांगणे हा खगोलरसायनशास्त्रातील चालू संशोधनाचा विषय आहे.